कुस्को : चुन्यावाचून उभ्या भिंतींच्या शहरात सात दिवस

पेरूला जाणारे बहुतेक प्रवासी कुस्कोला एक रात्र मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी माचू पिच्चूची वाट धरतात. आम्ही मात्र पूर्ण सात दिवस या एका शहरासाठी राखून ठेवले होते आणि त्याचे कारण घरातलेच होते. माझे यजमान स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांचे बालपण पाटण तालुक्यात गेले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. स्पॅनिश येण्यापूर्वी तिथे राज्य करणाऱ्या इंका राजांनी बांधलेल्या, तीन भूकंप पाहूनही न हललेल्या, चुन्याचा थेंबही नसलेल्या भिंती एकदा डोळ्यांनी पाहायच्या, ही त्यांची नोकरीतली सर्व वर्षे मनात जपलेली इच्छा होती. मी भूगोल शिकवत असे, त्यामुळे अँडीज पर्वताचे आकर्षण मलाही कमी नव्हते.

आम्ही जून महिना निवडला. आपल्याकडे पावसाला सुरुवात झालेली असते, तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेतेरा अंशांवर असलेल्या कुस्कोत कोरडा हिवाळा असतो. दिवसा लख्ख ऊन पडते आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. शिवाय कॉर्पस क्रिस्ती हा कॅथलिक ख्रिश्चनांचा सण बहुधा याच महिन्यात येतो. निघण्यापूर्वीच्या दोन गोष्टी सांगून ठेवते. पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर भारतीय पर्यटकाला पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पीतज्वराची लस मात्र आधी टोचून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे, कारण परतल्यावर भारतातल्या विमानतळावर ते मागितले जाते.

पहिला दिवस, रविवार

लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर. हे अंतर विमान सव्वा तासात तोडते. विमानतळाच्या इमारतीतून बाहेर पडताना मला काहीच जाणवले नाही आणि तिथेच माझी चूक झाली. आमचा मुक्काम सान ब्लास या जुन्या कारागीरवस्तीत होता. तिथल्या गल्ल्या इतक्या उभ्या आहेत, की टॅक्सी खालीच थांबते. यजमान पैसे देत होते तोवर मी माझी बॅग उचलली आणि कोल्हापूरच्या सवयीने साठ-सत्तर पायऱ्या एका दमात चढून गेले. वर पोहोचले तेव्हा कानात ठोके ऐकू येत होते. संध्याकाळी डोके दुखू लागले आणि रात्री दर तासाला श्वास अपुरा पडून जाग येत राहिली.

वर्गात मुलांना शिकवलेले त्या रात्री अंगावर आले. उंचावर हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. ते २१ टक्केच राहते. घटतो तो हवेचा दाब. कुस्कोत तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, म्हणून प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आम्ही दोन कळसूबाई एकावर एक रचून त्यांच्या माथ्यावर झोपायला निघालो होतो. या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात.

मुक्कामाच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि न विचारता कोकाच्या पानांचा गरम काढा आणून दिला. थोड्या वेळाने मुन्या नावाच्या, पुदिन्यासारख्या वासाच्या डोंगरी वनस्पतीची वाफ घ्यायला लावली. त्या मला ‘मामीता’ म्हणत होत्या. आपल्याकडे अनोळखी वयस्क बाईला ‘माई’ म्हणतात, तीच त्या शब्दातली माया. कोकाची पाने पेरूमध्ये कायदेशीर आहेत आणि बाजारात ढिगाने मिळतात. परंतु ती देशाबाहेर नेऊ नयेत, अगदी चहाच्या पुड्यासुद्धा.

आज कोणी मला सल्ला विचारला तर मी सांगेन, की विमानतळावरून थेट सुमारे २,८०० मीटरवरच्या उरुबांबा खोऱ्यात उतरावे, दोन रात्री तिथे काढाव्यात आणि मग कुस्कोला चढावे. ते जमत नसेल तर पहिला दिवस निव्वळ बसून काढावा, पोटभर जेवू नये आणि पाणी भरपूर प्यावे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुसरा दिवस, सोमवार

दुसऱ्या दिवशी सकाळी डोके बरेच उतरले होते. पायऱ्या मोजत आम्ही प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात आलो. इंका राजांच्या काळात या चौकाला हाउकायपाता म्हणत आणि तो आजच्यापेक्षा खूप मोठा होता. त्याच्या जमिनीवर समुद्रकाठाहून वाहून आणलेली वाळू पसरलेली असे. चाक आणि घोडा ठाऊक नसलेल्या लोकांनी शेकडो किलोमीटरवरून, चार-पाच हजार मीटरचे डोंगर ओलांडून समुद्राची वाळू आपल्या राजधानीत आणावी, यातून त्यांच्या मनातली समुद्राची पूज्यता कळते. पुढे स्पॅनिश अधिकाऱ्याने ती वाळू उकरून काढली आणि ती काथेड्रलच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या, बांधकामात गेली.

याच चौकातून इंका साम्राज्याच्या चार दिशांना चार रस्ते निघत. साम्राज्याचे नावच मुळी तावांतिनसुयू, म्हणजे ‘एकत्र आलेले चार प्रदेश’ असे होते. १५ नोव्हेंबर १५३३ रोजी फ्रान्सिस्को पिसारो या स्पॅनिश सेनानीचे सैन्य इथे शिरले. शेवटचा इंका तुपाक आमारू याचा शिरच्छेद १५७२ साली याच चौकात झाला. त्याचे नाव धारण करून स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेला दुसरा तुपाक आमारू १८ मे १७८१ रोजी इथेच, त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिच्यासह, अमानुष रीतीने मारला गेला. आज तिथे फुलांचे ताटवे आहेत आणि शाळेची मुले नाचाची तालीम करतात. जून हा शहराच्या उत्सवाचा महिना असल्यामुळे रोज कोणत्या ना कोणत्या शाळेची किंवा वस्तीची मिरवणूक चालू असते. आम्ही बाकावर बसून तासभर नुसते पाहत राहिलो.

काथेड्रलचे बांधकाम १५६० च्या सुमारास सुरू झाले आणि १६५४ मध्ये संपले. जागा विराकोचा इंकाच्या वाड्याची, आणि पुष्कळसा दगड डोंगरावरच्या साक्सायवामान या इंका तटबंदीहून उतरवलेला. आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण त्यामुळे माणूस डोळ्यांनी पाहतो. मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र इथे आहे. त्यात ताटाच्या मध्यभागी पाय वर करून भाजलेला कुय, म्हणजे अँडीजमध्ये घरोघरी पाळला जाणारा गिनीपिग, ठेवलेला आहे. धर्म परका होता, तरी सणाच्या जेवणात काय असते हे चित्रकाराने आपल्या घराच्या अनुभवाने ठरवले. दूरवरच्या इतर चित्रांतल्या देवदूतांच्या हातात बंदुका आहेत आणि कपड्यांवर सोन्याची वेलबुट्टी आहे. ही कुस्को शैली. तिचे बहुतेक चित्रकार केचुआ, म्हणजे इंकांची भाषा, बोलणारे होते आणि त्यांनी चित्रांवर आपली नावे क्वचितच लिहिली.

त्याच इमारतीत ‘भूकंपांचा स्वामी’ म्हणून ओळखली जाणारी क्रुसावरच्या येशूची मूर्ती आहे. ३१ मार्च १६५० रोजी शहर कोसळत असताना ही मूर्ती बाहेर आणली आणि धक्के ओसरले, अशी श्रद्धा आहे. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांच्या काजळीने तिची कांती काळी झाली आहे. तिच्यासमोर डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाहिले आणि मला काळ्या पाषाणातला विठोबा आठवला. माझ्या नकळत हात जोडले गेले.

दुपारी चौकाच्या दक्षिण कोपऱ्यातून निघणाऱ्या लोरेतो गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना इंकांच्या घडीव दगडांच्या भिंती आहेत. एका बाजूला सूर्यदेवाला वाहिलेल्या कन्यांचे निवासस्थान होते, तर दुसऱ्या बाजूला वायना कापाक या इंका राजाचा वाडा. इथे यजमानांनी खिशातून दोरा काढला, त्याला घराच्या किल्ल्या बांधल्या आणि भिंतीला हात न लावता दोन पावले दूर उभे राहून ओळंबा धरला. “अगं, इकडून बघ,” ते म्हणाले. मी एक डोळा मिटून पाहिले. दोरा सरळ खाली आला होता आणि त्यामागची भिंत मात्र वर जाताना त्याच्यापासून दूर, आतल्या अंगाला कललेली होती. खालचे थर जाड, वरचे क्रमाने पातळ, आणि दाराची चौकटही खाली रुंद व वर अरुंद. प्रत्येक दगडाचा दर्शनी भाग उशीसारखा किंचित फुगीर आहे, त्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक सांध्याची सावली वेगळी उमटते. काही दगडांच्या तळाशी बोटभर उंचवटे तसेच ठेवलेले दिसले. दगड चढवताना धरण्यासाठी किंवा तरफेसाठी ते उपयोगी पडत असावेत.

हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी आपली जुनी देवळेही चुन्यावाचूनच उभी आहेत, त्यामुळे कोरडे बांधकाम मला नवे नव्हते. पण तिथे दगड सारखे घडवून थरावर थर बसवलेले असतात. इथे आतुन रुमीयोक गल्लीत गेल्यावर वेगळेच दृश्य दिसले. हिरवट डायोराइटचे दगड, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि तरीही प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या कोपऱ्यात असा शिरलेला की रेघ तेवढी दिसते. इंका रोकाच्या वाड्याच्या या भिंतीत बारा कोनांचा तो प्रसिद्ध दगड आहे. त्याला हात लावायला मनाई आहे. सगळी गर्दी त्या एकाच दगडापुढे छायाचित्रे काढत होती. त्याच्या आजूबाजूचे दगड मला तितकेच मोलाचे वाटले, कारण ते नसते तर त्या बारा कोनांना अर्थच नव्हता.

तिसरा दिवस, मंगळवार

कुस्कोतली बहुतेक सरकारी स्थळे ‘बोलेतो तुरीस्तिको’ नावाच्या एका सामाईक तिकिटात येतात. पूर्ण तिकीट परदेशी पाहुण्याला १३० सोलला मिळते आणि दहा दिवस चालते. काथेड्रल आणि कोरीकांचा देवालय यांची तिकिटे मात्र वेगळी काढावी लागतात. शहरामागच्या डोंगरावरची चार स्थळे पाहण्याची आमची रीत अशी होती, की टॅक्सीने सर्वांत दूरच्या तांबोमाचायला जायचे आणि तिथून उतार धरून चालत शहरात परतायचे. फुप्फुसांवर दया करायची असेल तर हीच दिशा बरी.

तांबोमाचायला कड्यातून निघालेला झरा दगडी पन्हळींतून तीन टप्प्यांत खाली पडतो आणि शेवटी दोन समान धारांत विभागतो. त्याच्या समोर पुका पुकारा, म्हणजे ‘लाल गढी’, आहे. ती लवकर पाहून होते. केन्को येथे मात्र आम्ही रेंगाळलो. तिथे एका प्रचंड चुनखडकाला वरून, बाजूने आणि आतूनही कोरले आहे. माथ्यावर नागमोडी पन्हळ आहे, त्यातून विधीच्या वेळी चिचा, म्हणजे मक्याची दारू, किंवा रक्त वाहत सोडत असावेत. खडकाच्या पोटात गुहा आहे आणि तिच्यातला कोरीव ओटा भर दुपारीही बर्फासारखा गार असतो. इथे इंकांनी खडक फोडून देऊळ बांधले नाही, खडकालाच देव मानून त्याला आकार दिला. शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ ठेवणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

साक्सायवामानला पोहोचलो तेव्हा दुपारचे ऊन उत्तरेकडून येत होते. दक्षिण गोलार्धात जूनमध्ये सूर्य माध्यान्हीला उत्तरेला असतो, हे मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवले, पण माझी दुपारची सावली इतकी लांब दक्षिणेला पडलेली प्रथमच पाहिली. समोर एकावर एक तीन तटांच्या ओळी सुमारे चारशे मीटरपर्यंत करवतीच्या दात्यांसारख्या मागेपुढे होत गेल्या आहेत. सर्वांत मोठ्या दगडाचे वजन शंभर टनांच्या वर मानले जाते. तो खाणीतून ओढत आणून, शेजाऱ्याशी जुळेपर्यंत दगडानेच ठेचून घडवला होता. इंका पाथरवटांकडे लोखंड नव्हते. काठिण्याने अधिक असलेल्या गोट्यांनी ठोकत ठोकत ते काम करत. जवळून पाहिले तर पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात, आणि सांध्याकडे जाताना ते आणखी बारीक होत जातात. मोठ्या गोट्याने मधला भाग, लहान गोट्याने कडा, असा तो क्रम आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या हातांचा वेग त्या खळग्यांत मोजता येतो, असे यजमान म्हणाले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

१५३६ साली मांको इंकाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, तेव्हा या तटांवरून कुस्कोला वेढा घातला गेला. पिसारोचा भाऊ हुआन इथेच डोक्यात दगड बसून मेला. इंकांनी हा तट अखेर गमावला आणि पडलेल्यांवर गिधाडे उतरली. कुस्कोच्या ढालचिन्हात कोंडोर गिधाडे आहेत, ती याच दिवसांची खूण. त्यानंतर विसाव्या शतकापर्यंत लोकांनी ही जागा दगडाची खाण म्हणून वापरली. जे उरले ते नेता येण्याजोगे नव्हते म्हणून उरले. तटासमोरच्या मैदानात २४ जूनला इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव, होतो. वसाहतकाळात बंद पडलेला हा उत्सव १९४४ पासून पुन्हा साजरा होऊ लागला. मैदानापलीकडे खाचा पडलेले गुळगुळीत खडक आहेत. शाळेच्या सहलीला आलेली मुले त्यांवरून घसरगुंडी करत होती.

चौथा दिवस, बुधवार

कोरीकांचा हे इंकांचे सर्वांत पवित्र देवालय. त्याच्या भिंतींवर सोन्याचे पत्रे होते आणि अंगणात सोन्याचे मक्याचे कणीस व लामा होते, असे तत्कालीन स्पॅनिश वृत्तान्त सांगतात. स्पॅनिशांनी कैद केलेल्या आतावाल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी १५३३ साली ते पत्रे उपटले गेले. मंदिराची जागा डोमिनिकन संन्याशांकडे गेली आणि त्यांनी इंकांच्या भिंतींवर आपले चर्च व मठ चढवला. या देवालयातून एकेचाळीस कल्पित रेषा चहूदिशांना निघत आणि त्यांवर सव्वातीनशेहून अधिक पूजास्थाने होती. कुठे झरा, कुठे खिंड, कुठे एखादा उभा दगड, आणि प्रत्येक रेषेची काळजी वाहणारे घराणे ठरलेले.

२१ मे १९५० च्या भूकंपात मठाचा मोठा भाग कोसळला आणि त्याच्या गिलाव्यामागे दडलेल्या इंका खोल्या उघड्या पडल्या. पडलेले सगळे पुन्हा बांधून काढण्याऐवजी त्या खोल्या तशाच दिसत्या ठेवायचे ठरले, म्हणून आज मठाच्या कमानींच्या आत उभे राहून दोन्ही बांधकामे एका नजरेत दिसतात. यजमानांनी तिथे मला सावकाश समजावून सांगितले. चुन्याने जखडलेली भिंत हादऱ्यात एकसंध राहू पाहते आणि जिथे अशक्त असेल तिथे फुटते. कोरड्या सांध्यांची भिंत हलते, दगड किंचित सरकतात, सांध्यांतल्या घर्षणात हादऱ्याची ताकद जिरते, आणि आत कललेल्या वजनामुळे दगड पुन्हा आपल्या जागी बसतात. हे सांगता सांगता ते थांबले आणि मग कोयनेच्या त्या पहाटेविषयी बोलले. दगडमातीचे त्यांचे घर बाहेरच्या बाजूला फाकले, आणि आजीने त्यांना दाराच्या चौकटीत ओढून धरले म्हणून ते वाचले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण आजीचा हात मनगटाला किती घट्ट लागला होता हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले. समोर अर्धवर्तुळाकार वळलेली काळसर भिंत होती. आम्ही तिच्याकडे पाहत बसलो.

दुपारी रस्त्यांवर बँडचा आवाज येऊ लागला. कॉर्पस क्रिस्तीच्या आदल्या दिवशी शहरातल्या आणि आसपासच्या चर्चमधून संतांच्या व माता मेरीच्या पंधरा मूर्ती भक्तांच्या खांद्यांवरून काथेड्रलकडे येतात. सान हेरोनिमो आणि सान सेबास्तियान या दोन संतांची वाटेत शर्यत लागते, आणि त्यांना वाहणारे तरुण या उंचीवर धावत येतात. मला चालता चालता धाप लागत होती आणि ते धावत होते.

पाचवा दिवस, गुरुवार

सकाळी आठपासून चौकात जागा धरली. प्रार्थना संपल्यावर एकेक मूर्ती काथेड्रलमधून बाहेर आली आणि चौकाला प्रदक्षिणा घालू लागली. जड लाकडी चौरंगाखाली वीस-पंचवीस माणसे होती आणि प्रत्येकाने खांद्यावर घडी घातलेली घोंगडी ठेवलेली होती. पावले मोजून टाकली जात. पुढचा माणूस हातातल्या काठीने खूण करी, मग सगळे थांबत आणि चौरंगाखाली लाकडी टेकण सरकवत. आमच्या अगदी समोर सांता बार्बाराची मूर्ती थांबली. तिच्या झग्यावर आरशाचे बारीक तुकडे जडवले होते आणि प्रत्येक तुकड्यात निळे आकाश हलत होते. खालच्या एका म्हाताऱ्या भोयाने डोळे मिटून कपाळ चौरंगाच्या लाकडाला टेकवले. ज्येष्ठ-आषाढात पालखीला खांदा देऊन बाजूला होणाऱ्या वारकऱ्याचा चेहरा मी तिथे पाहिला.

या मिरवणुकीच्या तळाशी आणखी एक मिरवणूक आहे. इंकांच्या काळात याच चौकात, मोठ्या सणाला, दिवंगत राजांचे जतन केलेले देह सजवून आणले जात, त्यांना रांगेने बसवले जाई आणि चिचा अर्पण केली जाई. इंका राजकन्येच्या आणि स्पॅनिश कप्तानाच्या पोटी १५३९ मध्ये इथे जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगा याने, स्पेनला निघण्यापूर्वी, १५६० साली त्यांतले काही देह एका अधिकाऱ्याच्या घरी पाहिले. वायना कापाकच्या बोटाला आपण स्पर्श केला आणि ते लाकडासारखे कठीण लागले, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीचा हात हातात घेऊन तो गेला आणि पुन्हा कधी परतला नाही.

सणाचे खास जेवण म्हणजे चिरिउचू. केचुआत त्याचा अर्थ ‘गार मिरची’. ते ताट गारच खातात आणि त्यात भाजलेला कुय, कोंबडी, सुकवलेले मांस, समुद्री शेवाळ, माशांची अंडी, भाजलेला मका, चीज, मक्याच्या पिठाची वडी आणि रोकोतो मिरची असते. समुद्र, डोंगर आणि दऱ्या एका ताटात येतात. आम्ही शाकाहारी असल्याने दुकानदारीणबाईंना आधी समजावले. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर पुष्कळदा कोंबडी वाढली जाते, म्हणून ‘नी पोयो, नी पेस्कादो’, कोंबडीही नको आणि मासेही नकोत, असे स्पष्ट म्हणावे. त्यांनी मका, चीज, वडी आणि मिरचीचे वेगळे ताट करून दिले. रोकोतो दिसायला टोमॅटोसारखी असते. आत काळ्या बिया असतात. कोल्हापूरची असूनही मी अर्ध्या फोडीनंतर पाणी मागितले.

सहावा दिवस, शुक्रवार

सान पेद्रोच्या बाजारात सकाळ गेली. बटाट्यांच्या ओळीपुढे मी उभी राहिले ती हललेच नाही. जांभळे, पिवळे, काळे, गाठीगाठींचे, बोटाएवढे. अँडीजमध्ये बटाट्याच्या हजारो जाती आहेत, कारण त्याचे माहेरच हे. केचुआत त्याला ‘पापा’ म्हणतात. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. रात्री गोठवून, दिवसा उन्हात ठेवून, पायांनी तुडवून पाणी काढलेला बटाटा म्हणजे चुन्यो. तो पांढऱ्या-काळ्या खड्यांसारखा दिसतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या रांगेत फुलवलेल्या बारीक धान्याच्या गोड वड्या होत्या. एक तोंडात टाकली आणि मी जागच्या जागी थांबले. ती राजगिऱ्याची वडी होती. तिथे त्या धान्याला कीविचा म्हणतात. राजगिरा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची या सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे, म्हणजे आपल्या एकादशीच्या फराळाचे निम्मे ताट समुद्रापलीकडून आलेले आहे. विक्रेत्या बाईंना मी मोडक्या स्पॅनिशमध्ये हे सांगू पाहिले. त्यांनी आणखी दोन वड्या हातावर ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत.

दुपारी आतुन रुमीयोक गल्लीतल्या, म्हणजे त्या बारा कोनी दगडाच्याच भिंतीवर उभ्या असलेल्या, धर्मकला संग्रहालयात गेलो. सतराव्या शतकात रंगवलेली कॉर्पस क्रिस्तीची चित्रमालिका तिथे आहे. काल पाहिलेला चौक, तेच संत, आणि काही चित्रांत पुढे चालणारे इंका घराण्यातले पुरुष, कपाळावर राजचिन्हाची झालर बांधलेले. नंतर कासा कोंचा या जुन्या वाड्यात गेलो. हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने १९११ नंतर माचू पिच्चूहून अमेरिकेत नेलेल्या आणि येल विद्यापीठाने जवळपास शंभर वर्षांनी परत केलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. मडकी, शालीच्या पिना, हाडांची हत्यारे. माचू पिच्चूला जाण्यापूर्वी हे संग्रहालय पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिथे भिंती आहेत आणि इथे त्या भिंतींच्या आत राहिलेली माणसे आहेत.

सातवा दिवस, शनिवार

सकाळी लवकर उठून यजमान एकटेच लोरेतो गल्लीत जाऊन आले. मी विचारले नाही. आम्ही सामान बांधले, उरलेली कोकाची पाने मामीता म्हणणाऱ्या बाईंना दिली आणि गाडीने चिंचेरोला निघालो. हे गाव कुस्कोहूनही उंच, सुमारे ३,७६० मीटरवर आहे. तिथेही इंका वाड्याच्या भिंतीवर पांढरे चर्च उभे आहे, पण गाव ओळखले जाते ते विणकामासाठी. एका अंगणात बाईने निवडुंगावर वाढणारा कोचिनियाचा वाळका किडा तळहातावर घेतला आणि अंगठ्याने चिरडला. हात डाळिंबासारखा लाल झाला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळताच तो रंग केशरी झाला, आणि आम्हा दोघांच्या हातांवरही तिने एकेक ठिपका लावला. लोकर धुण्यासाठी साबण नव्हता. तिथल्या एका मुळाचा कीस पाण्यात फेसाळतो, त्यातच करडी लोकर पांढरी झाली.

मोरायच्या गोल पायऱ्यांची शेती आणि मारासची मिठागरे वाटेत पाहिली. मारासला डोंगरातून येणाऱ्या खाऱ्या झऱ्याचे पाणी हजारो लहान वाफ्यांत अडवून मीठ पिकवतात आणि वाफे आजही गावातल्या कुटुंबांकडेच आहेत. मग रस्ता वळणे घेत खाली उतरू लागला. कानातले दडे सुटले, झाडे उंच झाली, हवेला ओलावा आला. संध्याकाळी उरुबांबाला मुक्कामाच्या घरी पोहोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. यजमान खाली किल्ली घेत होते तोवर मी बॅग उचलली आणि जिना न थांबता चढून गेले.